वालापासून नीरेपर्यंत: डॉ. कमला सोहोनींविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून लागला की माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर तेच प्रश्न पुन्हा यायला लागतात. १८ जून हा कमलाबाईंचा जन्मदिवस, त्यातून त्या जन्मानं इंदूरच्या. मी जन्मभर जीवरसायन शिकवलं, आणि इथल्या, म्हणजे इंदूरच्याच, मंडळांत, शाळांत, अंगणवाडीताईंच्या बैठकांत त्यांच्यावर बरेचदा बोलले. त्यामुळे 'काकूंना विचारा' हे ठरलेलंच. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा सगळी उत्तरं एका जागी ठेवते आहे. स्पर्धा परीक्षेवाल्यांना पहिले चार प्रश्न आणि आठवा एवढे पुरतील, घरात लहान मूल असलेल्यांनी दहाव्यापासून वाचलं तरी चालेल.

१. कमला सोहोनी कोण होत्या? थोडक्यात सांगा.

भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ. गरिबाला परवडणाऱ्या अन्नातून, म्हणजे डाळी, कडधान्यं, दूध, नीरा यांतून, शरीराला नेमकं काय मिळतं हे त्यांनी प्रयोगशाळेत तपासलं. १९३९ साली केंब्रिज विद्यापीठाची पीएचडी मिळवली. पुढं मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक आणि नंतर संचालक झाल्या. नीरेवरच्या कामाबद्दल राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

२. 'डॉक्टर' म्हणजे त्या बालरोगतज्ज्ञ होत्या का?

नाही. त्यांचा 'डॉ.' पीएचडीचा आहे. त्यांनी पेशंट तपासले नाहीत, परीक्षानळ्या तपासल्या. पण मुलांच्या पोषणाबद्दल आज जे आपण सहज बोलतो, डाळीतलं प्रथिन पचतं किती, शिजवल्यानं काय बदलतं, त्यातलं बरंच त्यांच्या पिढीनं प्रयोगशाळेत बसून शोधलं. डॉक्टर औषध लिहून देतो तेव्हा त्याच्यामागं कुणीतरी रसायन पाहिलेलं असतं, तसंच हे.

३. इंदूरशी त्यांचं नातं किती? आणि दुर्गाबाई भागवत त्यांच्या कोण?

जन्म इंदूरचा. शिक्षण मुंबई, बंगळूर आणि केंब्रिजमध्ये, नोकऱ्या दिल्ली, कुन्नूर, मुंबईत. तेव्हा 'इंदूरनं घडवलेल्या शास्त्रज्ञ' असं फलकावर लिहू नका. 'इंदूरला जन्मलेल्या' एवढं लिहिलं तरी आपली मान ताठ राहते.

माहेर भागवतांचं. दुर्गाबाई ही थोरली बहीण, जन्म १९१०, तोही इंदूरचाच. लोकसाहित्याच्या अभ्यासक, १९७५ च्या कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा, आणीबाणीला उघड विरोध करून तुरुंगात गेलेल्या. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघंही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमधून शिकलेले. म्हणजे मुलीनं रसायन घेतलं यात घरी कुणाला नवल वाटलं नसणार. नवल बाहेरच्यांना वाटलं, त्याबद्दल प्रश्न ५ मध्ये.

४. जन्मसाल १९११ की १९१२? सोहनी की सोहोनी?

दोन्ही सालं छापलेली दिसतात. आज बहुतेक ठिकाणी १८ जून १९११ हीच तारीख धरतात; गूगलनं २०२३ मध्ये त्यांच्या ११२ व्या वाढदिवसाचं डूडल केलं तेही याच हिशेबानं. आडनाव सोहोनी. इंदूरची हिंदी वर्तमानपत्रं 'सोहनी' करून टाकतात, जसं आपल्या अर्ध्या आडनावांचं होतं. लग्न १९४७ सालचं, त्यामुळे केंब्रिजपर्यंतच्या कागदपत्रांत त्या भागवत आहेत.

५. सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला, हे खरं का?

खरं. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. (मुख्य विषय रसायन) पहिल्या क्रमांकानं मिळवून त्यांनी वडील-काकांच्याच संस्थेत, म्हणजे बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, संशोधनासाठी अर्ज केला. संचालक रामन. नोबेल मिळून तीन वर्षं झालेली. संशोधन हे बायकांच्या आवाक्यातलं काम नाही, या समजुतीवर अर्ज फेटाळला गेला.

या पोरीनं त्यांच्या कार्यालयापुढं सत्याग्रह केला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर: पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नाही, चाचणीदाखल, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम, आणि पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये. वर्षभरानं काम पाहून रामन यांचं समाधान झालं, त्या नियमित झाल्या, आणि तिथून मुलींना त्या संस्थेत वाट मिळाली. कमलाबाईंनी हा अपमान मात्र म्हातारपणीही विसरला नाही, आणि तो बोलून दाखवला.

आता माझं एक गाऱ्हाणं. एका शाळेत महिला दिनाला मुलींनी हाच प्रसंग नाटुकल्यात केला. पगडीवाले रामन, हातात फलक घेतलेल्या कमला, टाळ्यांचा कडकडाट. नंतर मी विचारलं, 'बाई आत शिरल्यावर त्यांनी काय केलं गं?' सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. दार उघडायची गोष्ट सगळ्यांना पाठ, दारापलीकडची कुणालाच नाही. म्हणून इथून पुढची उत्तरं जरा लांब आहेत.

६. मग बंगळूरला त्यांनी केलं काय?

एम. श्रीनिवासय्या या कडक शिस्तीच्या मार्गदर्शकाच्या हाताखाली दुधातल्या आणि डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम. १९३६ मध्ये मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी.

हा विषय तेव्हा किती जिव्हाळ्याचा होता हे समजायला जरा बाहेर बघावं लागतं. त्याच सुमारास, १९३३ मध्ये, सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी आफ्रिकेत गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, अंगावरचं दूध सुटून मक्याच्या पेजेवर आलेल्या मुलांच्या दुखण्याचं वर्णन केलं. पाय सुजलेले, कातडी सोलवटलेली, केस तांबूस. पोट भरलेलं आणि तरी मूल खंगतं. १९३५ मध्ये त्यांनी तिथल्याच भाषेतलं नाव त्या रोगाला दिलं, क्वाशिओरकोर. धाकटं भावंड आल्यावर थोरल्याला होणारं दुखणं, असा त्याचा अर्थ. पोट भरणं आणि पोसलं जाणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे जगाला तेव्हा कुठं कळू लागलं होतं. आपल्याकडं गरिबाचं प्रथिन म्हणजे डाळ. तिच्यात आहे काय, हे कुणीतरी बघायलाच हवं होतं.

७. केंब्रिजमध्ये 'बटाट्यावर' पीएचडी केली म्हणतात, ती काय भानगड?

भानगड सायटोक्रोम सी नावाच्या प्रथिनाची. पेशीत अन्नाचं ऊर्जेत रूपांतर होताना इलेक्ट्रॉन एका हातातून दुसऱ्या हातात द्यावे लागतात, ते काम हे प्रथिन करतं. प्राण्यांत ते माहीत होतं. कमलाबाईंना बटाट्यावर काम करताना ते वनस्पतीतही सापडलं.

१९३७ मध्ये त्या केंब्रिजला गेल्या. प्रयोगशाळा फ्रेडरिक हॉपकिन्स यांची, ज्यांना जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल १९२९ चं नोबेल मिळालं होतं. आधी डेरेक रिक्टर आणि मग रॉबिन हिल यांच्याबरोबर काम केलं. चौदा महिन्यांत प्रबंध सादर, आणि प्रबंध किती पानांचा? चाळीस. माझे पीएचडीचे विद्यार्थी चाळीस पानं आभार आणि प्रस्तावनेतच घालवायचे, म्हणून हा आकडा मला फार आवडतो.

८. 'विज्ञानात पीएचडी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री' हे बरोबर आहे ना? परीक्षेत काय लिहू?

सगळीकडं असंच छापतात, आणि परीक्षेत हेच उत्तर अपेक्षित असतं. पण जानकी अम्मल यांना अमेरिकेत मिशिगन विद्यापीठानं वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट दिली ती १९३१ मध्ये, कमलाबाईंच्या आठ वर्षं आधी. ती पदवी निराळ्या नावाची होती म्हणून मोजायची नाही, असं काहीजण म्हणतात. रसायनशास्त्रज्ञ असीमा चटर्जींचं नावही कुणीतरी मध्येच आणतं. त्यांची कलकत्ता विद्यापीठाची डी.एस्सी. १९४४ ची, त्यांचा मान भारतीय विद्यापीठातल्या पदवीचा. भाषणात मी 'केंब्रिजची पीएचडी मिळवलेली जीवरसायनशास्त्रज्ञ' म्हणते आणि पुढं जाते. पहिली-दुसरीच्या भांडणात तिघींचंही काम बाजूला पडतं.

९. परदेशातच का राहिल्या नाहीत? परत येऊन काय केलं?

गांधीजींना मानणाऱ्या होत्या, १९३९ मध्ये परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जीवरसायन विभागाच्या प्रमुख झाल्या. तिथून कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून गेल्या आणि जीवनसत्त्वांवर काम केलं. रॉबर्ट मॅककॅरिसन या डॉक्टरांनी उभी केलेली ही प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला हलली. आज तिला राष्ट्रीय पोषण संस्था म्हणतात. कुन्नूरला पुढची वाट दिसेना म्हणून राजीनामा दिला. १९४७ मध्ये लग्न, मुंबई, आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. मुख्य काम तिथं झालं. संचालकपद मात्र हक्काच्या वेळेपेक्षा चार वर्षं उशिरा मिळालं. तीसऐक वर्षांपूर्वीची बंगळूरची अट नुसता पोशाख बदलून आली होती, दुसरं काय.

१०. त्यांच्या वालावरच्या कामाबद्दल तुम्ही नेहमी बोलता. ते सोप्या शब्दांत सांगाल?

सांगते, आणि रंगून सांगते.

कडवे वाल तुम्ही सोललेत का कधी? रात्री भिजत घालायचे, सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात गच्च बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे. मग दाणा चिमटीत धरून दाबला की साल हातात राहतं आणि आतली डाळिंबी सुळकन उडते, बहुतेक वेळा ताटाबाहेर. त्या पाण्याला येणारा उग्र वास ज्याला माहीत आहे त्याला पुढचं पटकन कळेल. इतकी उस्तवार आपल्या आज्या का करत होत्या? कडवटपणा जावा म्हणून, असं त्या सांगत. त्यामागं आणखीही एक कारण निघालं.

आपल्या स्वादुपिंडातून ट्रिप्सिन नावाचा पाचकरस येतो. ती प्रथिनं कापायची कात्री समजा. कच्च्या वालात असं एक प्रथिन असतं जे या कात्रीच्या पात्यांत जाऊन घट्ट बसतं. कात्री चालेनाशी होते. म्हणजे दाण्यात प्रथिन भरपूर, पण तोच दाणा ते पचू देत नाही! अशा पदार्थांना ट्रिप्सिन-रोधक म्हणतात. कमलाबाई आणि त्यांच्या सहसंशोधकानं वालातून आणि डबल बीमधून हे रोधक स्फटिकरूपात वेगळे काढले. तो निबंध १९५५ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला. त्यांच्या प्रयोगशाळेनं रक्तातल्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या करणाऱ्या, कडधान्यांतल्याच प्रथिनांच्या दुसऱ्या एका गटावरही काम केलं.

सुदैवानं उष्णतेपुढं या दोघांचंही फारसं चालत नाही. भिजवणं, मोड आणणं यानं ते काही अंशी कमी होतात, आणि नीट शिजवलं की बहुतेक निकामी होतात.

११. म्हणजे मोड आलेली कडधान्यं मुलांना कच्ची देऊ नयेत? जिमवाले तर कच्चीच खा म्हणतात.

लहान मुलांना शिजवूनच द्या. मुगात हे रोधक कमी असतात, म्हणून मोठ्या माणसाला मूठभर कच्चे मूग चालून जातात. पण मोड येताना जी ऊब आणि ओल लागते ती जंतूंनाही आवडते, तेव्हा मुलांसाठी मूगही वाफवलेले बरे. वाल, राजमा, डबल बी कच्चे किंवा अर्धेकच्चे कुणीच खाऊ नयेत. कच्च्या राजम्यानं उलट्या-जुलाब होतात. भिजवलेलं पाणी फेकून द्या, नव्या पाण्यात खळखळून उकळा किंवा कुकरला लावा.

१२. नुसती डाळ दिली तर प्रथिनाची भर होते ना?

प्रथिन अमिनो आम्लं नावाच्या तुकड्यांचं बनतं. त्यांपैकी डाळीत मेथिओनिन कमी, तांदूळ-गव्हात लायसिन कमी. एकाचं उणं दुसरं भरून काढतं. म्हणून वरणाचं पाणी नको, वरणभात. खिचडी, बाफले-डाळ, सगळं चालेल. 'आमचा नातू सकाळी पोहे-जिलेबीच खातो' असं लिहिणाऱ्या आजींना: इंदुरात हे सांगणं म्हणजे पाप, पण पोह्यांवर शेवेऐवजी वाफवलेले मूग टाकून बघा. जिरावण भुरभुरलं की पोरांना पत्ता लागत नाही.

१३. नीरेवर त्यांनी नेमकं काय दाखवलं?

नीरा म्हणजे ताड, शिंदी, माड अशा झाडांतून पाझरणारा न आंबलेला गोड रस. रात्रभर चुना लावलेल्या मडक्यात धरायचा, उन्हं चढायच्या आत प्यायचा. तिचा अभ्यास करावा असं राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी सुचवलं. कमलाबाईंना तिच्यात अ आणि क जीवनसत्त्व आणि लोह लक्षणीय प्रमाणात सापडलं, आणि नीरा आटवून ताडगूळ केला तरी ही द्रव्यं टिकतात असं त्यांनी नोंदवलं. कुपोषित आदिवासी किशोरवयीन मुलं आणि गरोदर बायका यांच्या आहारात नीरा आल्यावर प्रकृतीत ठळक सुधारणा दिसली. राष्ट्रपती पुरस्कार याच कामाला.

मला यातली निवड महत्त्वाची वाटते. नीरेसाठी ना कारखाना लागत होता, ना बाटली, ना आयात. झाड पाड्यावरच उभं होतं.

१४. आमच्या झाबुआ-आलीराजपूरकडची ताडी म्हणजे नीराच ना? मग मुलांना ताडी चालेल का?

नाही, आणि हा घोळ धोक्याचा आहे. झाड तेच, मडकं तेच, पण उन्हं चढली की हवेतलं यीस्ट नीरेतल्या साखरेवर काम सुरू करतं आणि काही तासांत दारू तयार होते. ती ताडी. कमलाबाईंचं काम नीरेवर होतं, त्याचा आधार घेऊन ताडी पौष्टिक म्हणता येत नाही. पहाटेची ताजी, थंड ठेवलेली ती नीरा. फेस आलेली, आंबूस वासाची असेल तर मुलाच्या हातात जाता कामा नये.

१५. तान्ह्या बाळाला नीरा किंवा ताडगुळाचं पाणी द्यावं का?

नको. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. त्यानंतर वरणभात, खिचडी असं घट्टसर अन्न (प्रश्न १२). अभ्यास किशोरवयीन मुलांवर आणि गरोदर बायकांवर होता, तान्ह्यांवर नव्हता. ताडगूळही शेवटी साखरच आहे, वर्षाच्या आतल्या बाळाला तिची गरज नाही.

१६. अंगणवाडीची योजना कमलाबाईंनीच सुरू केली, असं आमच्या बाईंनी सांगितलं. खरं का?

नाही. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारनं सुरू केली. कमलाबाईंचा थेट सल्ला होता तो मुंबईच्या आरे दूध प्रकल्पाला, दुधाची प्रत सुधारण्यासाठी. पुढं त्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियाचं काम करू लागल्या. ही संस्था १९६६ मध्ये नऊ बायकांनी सुरू केली होती. १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्ष होत्या, आणि ग्राहकांच्या सुरक्षिततेवर संस्थेच्या 'कीमत' मासिकात लिहीत. प्रयोगशाळेतून निघून वाण्याच्या गल्ल्यापर्यंत पोचलेल्या बाई!

१७. मूल बारीक आहे की कुपोषित, हे घरी कसं कळावं?

नजरेनं कळत नाही. गुटगुटीत दिसणारं सुजलेलं असू शकतं (प्रश्न ६). सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर अंगणवाडीताई पट्टीनं मोजतात: ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ मध्ये मध्यम. दोन्ही पायांना सूज असेल, म्हणजे अंगठ्यानं दाबल्यावर खळगा राहत असेल, तर आकडा काहीही असो, त्याच दिवशी दवाखाना किंवा पोषण पुनर्वास केंद्र गाठा. अशा मुलाला घरी भसाभस खाऊ घालू नका; त्याचा जीव जाऊ शकतो.

आणि 'आता कुठं राहिलंय कुपोषण' म्हणणाऱ्यांसाठी: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्य प्रदेशातली पाच वर्षांखालची ३५.७ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली.

१८. त्यांचा मृत्यू सत्कार समारंभात झाला, हे खरं का?

जवळजवळ तसंच. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला होता, तिथं त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात, १९९८ मध्ये, गेल्या.

१९. शाळेत पाच मिनिटांचा कार्यक्रम बसवायचा आहे. रामन यांचा प्रसंग सोडून दुसरं काय करता येईल?

वाल सोलायला बसवा पोरांना. अर्धा किलो कडवे वाल चाळीस मुलांना पुरतात, पाचसहा जादा ठेवा, उडून हरवतात. इथं सहज मिळत नाहीत, तेव्हा मुंबईहून येणाऱ्या पाहुण्याला आधी सांगून ठेवा. जूनमध्ये करत असाल तर आदल्या दिवशी सकाळी भिजवून रात्री बांधलेत तरी मोड येतील. डिसेंबरातल्या इंदुरी थंडीत दीड-दोन दिवस धरा आणि फडकं डब्यात घालून चुलीजवळ ठेवा. एका मुलीनं कात्रीची गोष्ट (प्रश्न १०) सांगायची, बाकीच्यांनी सोलायचं. डाळिंब्या कच्च्या तोंडात टाकू देऊ नका. स्वयंपाकघरातल्या मावशींना कुकर तयार ठेवायला सांगा, उसळीला कांदा, गूळ आणि आमसूल तुम्ही न्या.